युडिथ लायस्टर: हाल्सची शिष्या, मोलेनारची पत्नी, की स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली उस्ताद?

कोरा कॅनव्हास (प्रश्न)

नमस्कार. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराची चित्रकार युडिथ लायस्टर (१६०९–१६६०) हिच्यावर मी एक दीर्घ टिपण लिहायला घेतले आहे. जन्म, शिक्षण, व्यवसाय, लग्न, मृत्यू असा सरळ क्रम लावावा, एवढाच माझा हेतू होता. पण लिहायला बसल्यावर लक्षात आले की या बाईच्या बाबतीत जो तो आपापल्या सोयीची गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत.

एके ठिकाणी ती हार्लेमचा नामांकित चित्रकार फ्रान्स हाल्स याची शिष्या होती असे ठामपणे म्हटलेले असते. दुसऱ्या ठिकाणी तिने त्याच हाल्सविरुद्ध तक्रार केली असे वाचायला मिळते, आणि मग गुरू-शिष्येच्या भांडणाचे एक नाट्य त्यावर रचले जाते. लग्न झाल्यावर तिने कुंचला खाली ठेवला तो कायमचा, असे एक मत आहे; तर नवऱ्याच्या, म्हणजे चित्रकार मोलेनारच्या, चित्रांत तिचाही हात असावा, असे दुसरे मत आहे. मला सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ही बाई आपल्या चित्रांवर आद्याक्षरांना जोडून चांदणी काढत असे. इतकी वेगळी, इतकी ओळखू येणारी सही ज्या चित्रांवर आहे, ती चित्रे दोनशे वर्षांहून अधिक काळ दुसऱ्याच्या नावावर कशी खपली?

आपल्यापैकी ज्यांनी डच चित्रकलेचा अभ्यास केला आहे, त्यांनी कागदपत्रांतून खात्रीने काय सांगता येते आणि कुठून पुढे तर्क सुरू होतो, एवढे वेगळे करून दिले तर फार मदत होईल. नावाच्या उच्चाराबद्दलही सांगावे. ‘ज्युडिथ’ लिहावे की ‘युडिथ’?

दप्तरखाना

उच्चाराचा प्रश्न सोपा असल्याने आधी तोच सोडवतो. डच भाषेत ‘जे’ या आद्याक्षराचा उच्चार ‘य’ होतो, म्हणून ‘युडिथ’ लिहिणे योग्य. आडनावाची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण ते पिढीजात नव्हतेच. तिच्या वडिलांचे नाव यान विलेम्स. ते आधी विणकाम व्यवसायात होते आणि पुढे बिअर गाळण्याच्या धंद्यात उतरले. त्यांच्या हार्लेममधील भट्टीचे नाव ‘लायस्टर’, म्हणजे वाट दाखवणारा तारा, खलाशांचा ध्रुवतारा. भट्टीचे नाव घराला आणि घराचे नाव माणसांना चिकटले. आपण ज्या चांदणीबद्दल लिहिले आहे, ती या नावावरचा श्लेष आहे: ‘जे’ आणि ‘एल’ ही अक्षरे एकमेकांत गुंतवायची आणि त्यांच्या उजव्या अंगाला निसटत्या ताऱ्याप्रमाणे एक चांदणी काढायची.

२८ जुलै १६०९ रोजी हार्लेममध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. ती घरातले आठवे अपत्य. घरात चित्रकलेचा वारसा अजिबात नव्हता आणि हे महत्त्वाचे आहे, कारण त्या काळच्या बहुतेक स्त्री-चित्रकार कुणा चित्रकाराच्या मुली किंवा बहिणी असत आणि घरच्याच चित्रशाळेत शिकत. हिच्या वडिलांनी १६२० च्या दशकाच्या मध्यास दिवाळे काढले. मुलीने चित्रकला हा छंद म्हणून न ठेवता पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून धरला, यामागे हे कारण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तर्क पटण्याजोगा आहे. पण तो तर्कच आहे.

शिक्षणाबद्दल आता स्पष्टच लिहितो. ती हाल्सकडे शिकत होती असे सांगणारा एकही कागद नाही. १६२८ मध्ये साम्युएल आम्पझिंग नावाच्या धर्मोपदेशकाने हार्लेम शहराची स्तुती करणारे पद्य छापले. त्यात शहरातील चित्रकारांची नामावळी आहे आणि तिच्यात एकोणीस वर्षांच्या युडिथचा उल्लेख चांगल्या आणि धीट बुद्धीने चित्रे काढणारी असा आला आहे. हा उल्लेख डे ग्रेबर या चित्रकार घराण्याला लागून येतो, म्हणून ती फ्रान्स पीटर्स डे ग्रेबर याच्याकडे शिकली असावी, असा दुसरा एक तर्क पुढे आला. हाल्स की डे ग्रेबर, या प्रश्नाचे उत्तर दप्तरात सापडत नाही. हाल्सची चित्रे तिने अगदी जवळून पाहिली होती हे तिच्या चित्रांकडे एकदा पाहताच कळते. परंतु पाहणे आणि पायाशी बसून शिकणे यांत फरक आहे. हार्लेम लहान शहर होते, गाजलेल्या चित्रकाराचे काम तिथे सर्वांच्याच डोळ्यांसमोर असे. ‘हाल्सची शिष्या’ हे वाक्य मीही पूर्वी एका भाषणात बेधडक ठोकून दिले होते, म्हणून हा खुलासा जरा आग्रहाने करीत आहे.

आता त्या तक्रारीविषयी. १६३३ मध्ये युडिथ हार्लेमच्या सेंट ल्यूक गिल्डची सदस्य झाली. (गिल्डमधील स्त्रियांत १६३१ मध्ये सारा फान बालबर्गन हिचे नाव तिच्या आधी येते, तेव्हा ‘पहिली स्त्री’ असे लिहिण्याच्या मोहात पडू नये.) गिल्ड म्हणजे धंद्यावर हुकमत ठेवणारा चित्रकारांचा संघ. त्याचे उस्तादपद मिळाले म्हणजे स्वतःची चित्रशाळा चालवता येई, आपल्या नावाने चित्रे विकता येत आणि उमेदवार ठेवता येत. उमेदवारी फुकट नसे, मुलाचे घरचे लोक उस्तादाला पैसे देत, आणि मुलगा हळूहळू रंग वाटणे, फळी तयार करणे अशी कामे करू लागे. म्हणजे उमेदवार हा मिळकतीचा आणि मनुष्यबळाचा असा दुहेरी आधार असे.

सदस्य झाल्यापासून दोन वर्षांच्या आत युडिथकडे तीन उमेदवार होते. १६३५ मध्ये विलेम वाउटर्स नावाचा मुलगा तिच्याकडे आला आणि पुरते तीन दिवसही न थांबता हाल्सच्या चित्रशाळेत गेला. युडिथने गिल्डकडे दाद मागितली. मुलाच्या आईकडे तिने आठ गिल्डर (तेव्हाचे डच चलन) मागितले होते, मिळाले चार. हाल्सने मुलगा परत पाठवण्याऐवजी तीन गिल्डर दंड भरणे पसंत केले. आणि युडिथलाही दंड झाला, कारण तिने या उमेदवाराची गिल्डकडे नोंदच केलेली नव्हती!

या प्रकरणात मला गुरुद्रोह वगैरे काहीही दिसत नाही. दिसतो तो दोन चित्रशाळांमधला धंद्याचा वाद, ज्यात एका बाजूला पन्नाशी ओलांडलेला, शहरभर नाव झालेला उस्ताद आहे आणि दुसऱ्या बाजूला सव्विसाव्या वर्षी स्वतःची गादी चालवणारी, चार गिल्डरसाठीही हक्क न सोडणारी आणि कागदोपत्री थोडी ढिलाई करणारी बाई आहे. तिची स्वतःची पत्रे किंवा रोजनिशी उपलब्ध नसताना, तिच्या स्वभावाचा इतका स्पष्ट ठसा दुसऱ्या कुठल्याही कागदातून उमटत नाही.

तिरपा उजेड

दप्तरखाना यांनी कागदांचे काम चोख केले आहे. मी चित्रांकडून सुरुवात करतो, कारण शिष्यत्वाच्या प्रश्नाचे जे काही उत्तर मिळण्याजोगे आहे ते तिथेच आहे.

१६२८ मध्ये तिचे कुटुंब उट्रेख्तजवळच्या फ्रेलांड या गावी काही काळ राहायला गेले होते. उट्रेख्तमध्ये तेव्हा हेंड्रिक तेर ब्रुखेन, खेरिट फान होन्टहोर्स्ट यांच्यासारखे चित्रकार होते, जे रोमला जाऊन इटालियन चित्रकार कारावाज्जो याची चित्रे पाहून आले होते आणि अंधाऱ्या खोलीत एकाच दिव्याच्या उजेडात उजळलेली माणसे रंगवीत होते. युडिथ त्यांच्यापैकी कुणाकडे गेली होती असा पुरावा नाही. पण १६२९ मधले ‘सेरेनेड’ हे आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधले चित्र पाहावे. ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या तरुणाच्या चेहऱ्यावर उजेड खालून, डाव्या बाजूने येतो, त्यामुळे हनुवटी, नाकाचा खालचा भाग आणि वाद्याची कड उजळते आणि नेहमी जिथे उजेड असतो तिथे सावली पडते. हाल्सच्या चित्रांत दिवसाचा मोकळा उजेड असतो. असा चोरटा, खालून आलेला प्रकाश त्याच्या कामात आढळत नाही. म्हणजे विसाव्या वर्षीच या मुलीने हार्लेमची लगबग आणि उट्रेख्तचा अंधार, असे दोन्ही उचललेले होते.

हाल्सशी असलेले नातेही दिसतेच. १६२९ मध्येच तिने रिकामा झालेला मद्याचा कुंजा उलटा करून दाखवणारा एक हसरा इसम रंगवला. तो ‘पेकेलहारिंग’, म्हणजे ‘खारवलेला हेरिंग मासा’ या नावाने ओळखले जाणारे रंगभूमीवरचे विनोदी पात्र आहे, आणि हाल्सनेही हेच पात्र रंगवलेले आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यास फरक कळतो. हाल्सचा फटकारा सुटा असतो. जवळून पाहिले तर नुसत्या रेघोट्या आणि चार पावले मागे आले की गाल, बाही, कॉलर. युडिथचा फटकारा त्या मानाने आवरलेला असतो, विशेषतः चेहऱ्यावर, जिथे ती रंगांच्या कडा एकमेकींत मिसळून टाकते, आणि कपड्यावर आली की मात्र हात मोकळा सोडते.

हे पाहण्यासाठी सर्वांत चांगले चित्र म्हणजे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले तिचे सुमारे १६३० मधले आत्मचित्र. आकार साधारण ७५ गुणिले ६५ सेंटिमीटर. ती ईझलसमोर, म्हणजे चित्र टेकवण्याच्या चौकटीसमोर, बसली आहे, पण आपल्याकडे वळून, खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून, ओठ किंचित उघडे, जणू कुणीतरी आत आल्यामुळे काम थांबवून बोलू लागली आहे. डाव्या हातात पॅलेट, फडके आणि कुंचल्यांची भलीमोठी जुडी. गळ्याशी रुंद, कडक, पांढरी कॉलर आणि मनगटावर लेस. या कपड्यांत तेलरंगाचे काम कुणी करत नाही! ही कामाची नोंद नसून चित्रकाराची जाहिरात आहे, आणि तीही किती विचारपूर्वक केलेली. चित्र दोन प्रकारची कामे एकाच वेळी दाखवते. तिचा चेहरा म्हणजे व्यक्तिचित्राचा नमुना आणि ईझलवर अर्धवट रंगवलेला व्हायोलिनवाला म्हणजे तिच्या गाजत्या मौजमजेच्या चित्रांचा नमुना. तिच्या उजव्या हातातला कुंचला आणि वादकाच्या हातातला गज एकमेकांजवळ येतात. रंगाखालचे थर तपासल्यावर असे दिसले की त्या ईझलवर आधी हा वादक नव्हताच, एका स्त्रीचा चेहरा होता. तो पुसून तिने वादक घातला, म्हणजे ‘मी मला रंगवते आहे’ असे सांगण्याऐवजी ‘मी हेही रंगवते’ असे सांगणे तिला अधिक उपयोगाचे वाटले असणार.

दुसरे चित्र हेगच्या मॉरिट्सहाउसमध्ये मी स्वतः पाहिले आहे, १६३१ मधले. त्याला आज ‘देकार’ अशा अर्थाचे नाव आहे. छापील पुस्तकांतून ते मोठे असावे असा माझा समज झाला होता. प्रत्यक्षात ते ३१ गुणिले २४ सेंटिमीटरची, वहीच्या पानापेक्षा थोडीच मोठी लाकडी फळी आहे. रात्र, टेबलावर तेलाचा दिवा, पांढरा सदरा घातलेली एक स्त्री मान खाली घालून शिवत आहे. फरची टोपी घातलेला एक पुरुष मागून तिच्यावर वाकला आहे. एक हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर नाणी. ती वर पाहत नाही. दिव्याचा सगळा उजेड तिच्या सदऱ्यावर आणि हातातल्या कापडावर साठला आहे, आणि तिच्या पायांशी, झग्याच्या कडेखाली, पाय शेकण्याच्या पेटीतले निखारे तांबूस दिसतात. त्या काळी अशा विषयावरच्या चित्रांत बाई हसत असते, पेला असतो, एखादी कुंटीणही असते. इथे त्यातले काहीच नाही. पैशाला नकार देण्यासाठीही ही स्त्री काम थांबवत नाही, आणि म्हणूनच पुरुषाचा तळवा इतका लाजिरवाणा दिसतो.

पाचवा कोन

तिरपा उजेड यांनी केलेले वर्णन सुंदर आहे, पण शेवटच्या दोन वाक्यांना माझी हरकत आहे. ‘देकार’ हे नाव युडिथने दिलेले नाही, ते नंतरचे आहे. नाव बाजूला ठेवून पाहिले तर तळव्यावरची नाणी आणि खांद्यावरचा हात यांचे इतर अर्थही लागू शकतात. काही अभ्यासकांनी यात लग्नासाठीचे आर्जव पाहिले आहे. शिवाय डच भाषेत ‘शिवणे’ या क्रियापदाला एक अश्लील अर्थही आहे आणि त्या काळचे प्रेक्षक असे श्लेष सहज ओळखत, त्यामुळे शिवणकाम म्हणजे सरळसरळ सद्गुणाची खूण, असे समीकरण मांडतानाही थोडे सावध राहावे लागते. चित्रकार स्त्री आहे म्हणून चित्रातली स्त्री तिचीच भूमिका मांडते, असे आपण फार लवकर गृहीत धरतो. हाच विषय एखाद्या पुरुषाने याच पद्धतीने रंगवला असता तर आपण काय म्हटले असते, हे स्वतःला विचारून पाहावे.

चित्रातला अर्थ नंतरच्या लोकांनी कसा बदलला, याचे याहून ठळक उदाहरण तिच्याच ‘शेवटचा थेंब’ या चित्रात आहे, जे आता फिलाडेल्फियात आहे. दोन तरुण रात्री उशिरा पीत बसले आहेत, एवढेच त्यात बराच काळ दिसत होते. १९९० च्या दशकात चित्र साफ करताना वरचा रंग काढला गेला, तेव्हा त्या दोघांच्या मधे एक सांगाडा निघाला, एका हातात वाळूचे घड्याळ आणि दुसऱ्या हातात कवटी धरलेला. कुणा मालकाला किंवा विक्रेत्याला तो नकोसा वाटला आणि त्याने तो रंगाखाली गाडून टाकला होता. मृत्यूची जाणीव करून देणारे चित्र त्यामुळे नुसते मौजेचे चित्र होऊन बसले. तेव्हा युडिथच्या कोणत्याही चित्राचा अर्थ लावण्यापूर्वी, आपण पाहतो आहोत तो पृष्ठभाग तिचाच आहे ना, हे विचारणे हा काही वहीम नाही.

तिरपा उजेड

हरकत मान्य आहे. ‘नकार’ हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. चित्रात फक्त वर न पाहणे आहे. तरीही उजेड तिच्या कामावर साठवण्याचा निर्णय चित्रकाराचा आहे, नावाचा नाही, एवढे मी धरून ठेवतो.

कोरा कॅनव्हास

सर्वांचे मनापासून आभार. उमेदवाराच्या प्रकरणात तिलाही दंड झाला होता, हे मला ठाऊक नव्हते; माझ्या कच्च्या मसुद्यात ती निखळ विजयी दाखवली होती, ते वाक्य आजच काढून टाकते. आता लग्नानंतरची वर्षे आणि चित्रांचे दुसऱ्याच्या नावावर जाणे, एवढेच राहिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा असे मला वाटते, पण तो नीट मांडता येत नाही.

दप्तरखाना

संबंध आहेच. १ जून १६३६ रोजी हार्लेमशेजारच्या हेमस्टेडे या गावी तिने यान मिन्से मोलेनार या चित्रकाराशी लग्न केले. तो तिच्याच वयाच्या आसपासचा, तिच्यासारखेच विषय रंगवणारा, आणि दोघांच्या चित्रांत तीच ती वाद्ये, खुर्च्या आणि सामान पुन्हा पुन्हा दिसते, इतके त्यांचे काम एकमेकांत मिसळलेले होते. ते आम्स्टरडॅमला गेले, तिथे सुमारे अकरा वर्षे राहिले आणि १६४८ च्या सुमारास हेमस्टेडेला परतले. पाच मुले झाली, त्यांतली दोनच मोठी झाली. मोलेनारवर कर्जाचे आणि देण्याघेण्याचे दावे सतत चालू असत. तिच्या सहीची आणि तारखेची जी चित्रे आज माहीत आहेत, त्यांतली बहुतेक १६२९ ते १६३५ या सहा-सात वर्षांतली आहेत. ‘कुंचला खाली ठेवला’ हे मत या तारखांवरून तयार झाले.

परंतु सही नसणे म्हणजे काम नसणे नव्हे. १६४३ मध्ये तिने चर्मपत्रावर एका ट्यूलिपचे चित्र जलरंगात काढले. ते असलेला ट्यूलिपसंग्रह आता हार्लेमच्या फ्रान्स हाल्स संग्रहालयात आहे. फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेममध्येच ट्यूलिपच्या कंदांचे भाव कोसळले होते, आणि अशी चित्रे फुललेले फूल कसे दिसेल हे कंद विकत घेणाऱ्याला दाखवण्यासाठी वापरली जात. कंद मातीत असताना सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे पाकळीवरचा प्रत्येक पट्टा अचूक उतरवणे हे इथे चित्रकाराचे काम असे. भाव कोसळल्यानंतर सहा वर्षांनीही हे काम चालू होते आणि ते ती करत होती, याची मला मोठी गंमत वाटते. १६५४ मधले फुलदाणीचे एक चित्रही तिच्या नावावर आहे. त्याशिवाय १६५० च्या दशकातले म्हणून ओळखले गेलेले तिचे दुसरे एक आत्मचित्र २०१६ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या लिलावात पुढे आले.

१६४८ मध्ये थिओडोरस स्क्रेव्हेलियस या हार्लेमच्या इतिहासकाराने चित्रकलेत निष्णात असलेल्या स्त्रियांत तिची विशेष प्रशंसा केली आणि तिच्या नावावर श्लेष करून तिला कलेतला खरा मार्गदर्शक तारा म्हटले. म्हणजे लग्नाला बारा वर्षे झाल्यावरही तिची कीर्ती हार्लेममध्ये जिवंत होती. १० फेब्रुवारी १६६० रोजी तिचे दफन झाले, वय पन्नास. मोलेनार १६६८ मध्ये गेला आणि त्याच्या घरातील मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात काही चित्रांपुढे चित्रकाराचे नाव न लिहिता ‘मृताच्या पत्नीचे’ अशा अर्थाची नोंद केली गेली.

ही नोंद मला फार बोलकी वाटते. तिथे कुणी खोटेपणा केला नाही, कारकुनाने सोयीचे तेवढे लिहिले. पण गिल्डची उस्ताद तिच्या मृत्यूनंतरच्या आठ वर्षांत ‘मृताची पत्नी’ झाली, आणि पुढच्या पिढीसाठी त्या नोंदीतून युडिथ लायस्टर हे नाव काढणे अवघड होऊन बसले. आर्नोल्ड हौब्राकेन याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीस डच चित्रकारांची चरित्रे लिहिली, ज्यांच्यावर पुढची दीडशे वर्षे सगळे विसंबून राहिले. त्यांत ती नाही. एकदा नाव यादीतून गळले की चांदणीची खूण असली तरी ती कुणाची हे सांगणारा कोणी उरत नाही. सही वाचता येण्यासाठी नाव आधी माहीत असावे लागते.

यानंतरची घसरण बाजारातली आहे. हाल्स स्वतःही दीर्घकाळ मागे पडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे भाव अचानक चढले. १८६५ मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याचे ‘हसरा सरदार’ म्हणून प्रसिद्ध असलेले चित्र ५१,००० फ्रँकला गेले. अशा वेळी हाल्ससारखे दिसणारे आणि कुणा अनोळखी माणसाची खूण असलेले चित्र हाती आल्यावर विक्रेता काय करील, हे वेगळे सांगायला नको. १८९० मध्ये ब्रुसेल्सला विकल्या गेलेल्या एका चित्रावर तर तिची खूण ओबडधोबडपणे बदलून हाल्सची ‘एफ’ आणि ‘एच’ ही अक्षरे केलेली होती.

नाव परत आले तेही कोर्टाच्या वाटेने. १६३० मधले तिचे मद्यपान करणाऱ्या आनंदी जोडप्याचे चित्र, जे आज लूव्र संग्रहालयात आहे, वर्थायमर या लंडनच्या व्यापाऱ्याने हाल्सचे म्हणून ४,५०० पौंडांना दुसऱ्या एका पेढीला विकले. पुढे त्यावर तिची खूण असल्याचे दिसून आले आणि खरेदीदाराने दावा लावला. १८९३ मध्ये तडजोड झाली, चित्र खरेदीदाराकडेच राहिले आणि किंमत कमी करून देण्यात आली. एक उत्तम चित्रकार सापडल्याचा आनंद त्या दाव्यात कुणालाही झाला नाही. चित्र तेच, रंग तेच, पण हाल्सचे नसल्यामुळे ते स्वस्त झाले, एवढाच वाद होता. त्याच वर्षी कॉर्नेलिस हॉफस्टेडे डे ग्रोट या डच अभ्यासकाने लेख लिहून ही खूण युडिथ लायस्टरची असल्याचे दाखवले आणि सात चित्रे तिच्या नावावर लावली. तिच्या कामाची आधुनिक यादी तिथून सुरू होते.

पाचवा कोन

एक पुरवणी जोडतो. ही यादी अभ्यासकागणिक लहान-मोठी होते. ज्या चित्रांवर सही नाही, त्यांच्या बाबतीत युडिथ की मोलेनार हा वाद आता तरी मिटण्यासारखा नाही, कारण दोघे एकाच घरात, एकाच सामानातून, एकमेकांच्या चित्रांकडे पाहत काम करत होते. तेव्हा टिपणात ‘लग्नानंतर तिने नवऱ्याची चित्रे रंगवली’ असे लिहिण्याचा मोह झाला, तर तो ‘चित्रे थांबवली’ या विधानाइतकाच निराधार आहे हे लक्षात ठेवावे. चित्रशाळा, हिशेब, दावे आणि मुले हे सगळे एका छताखाली होते. त्यातला कोणता तास कुणी कशावर घालवला, हे दप्तर सांगत नाही.

कोरा कॅनव्हास

टिपणाची मांडणी आता बदलते आहे. जन्मापासून सुरुवात करण्याऐवजी १६३५ मधल्या त्या तीन दिवसांच्या उमेदवारापासून सुरुवात करीन, कारण त्या एका प्रकरणात तिची चित्रशाळा, तिचे गिल्ड, हाल्स आणि तिची स्वतःची चूक, असे सगळेच एकत्र येते. ‘देकार’ या चित्राच्या दोन्ही वाचनांना शेजारी शेजारी जागा देते आणि नाव तिने दिलेले नाही हे पहिल्याच ओळीत सांगते. दप्तरखाना, एक शेवटची शंका: पळून गेलेल्या त्या विलेम वाउटर्सचे पुढे काय झाले, तो चित्रकार म्हणून कुठे आढळतो का?

दप्तरखाना

मी तरी त्याच्या नावावर असलेले एकही चित्र पाहिलेले नाही. टिपणात तो ज्या चार-पाच ओळींत येईल तेवढ्याच त्याच्या वाट्याच्या धराव्यात.